मिटण्याआधी बसलेली बैठक

ये, इकडे ये, जवळ बस. गेल्या रविवारी अर्धा चहा टाकून पळालीस, असं करतात का गं? आत्याचं घर आहे, ऑफिस नाही. तो मोबाईल ठेव खाली.

तुझ्या संस्थेचे ते कागद मी वाचले. दोनदा. दक्षिण आफ्रिकेत लोकांनी सगळ्यांसमोर सांगितलं आपल्यावर काय गुदरलं ते, करणाऱ्यांपैकी काहींनी कबूलही केलं. बरं झालं. आता तेच घेऊन तुम्ही निघालात दुसऱ्या देशात, जिथे अजून गोळ्या चालू आहेत. तिथल्या बायकांना हॉलमध्ये बसवून बोलतं करणार. वर म्हणतेस, "आत्या, पद्धत तयार आहे." तयार म्हटलं की मी आधी सावध होते.

कारण हे मी करून बसलेय. आपल्या गावी, माझ्या माहेरी, भांडण मिटलं की देवळात बसतात, चुकलेला नारळावर हात ठेवून सगळं सांगतो, गूळ-खोबरं वाटतात. इकडे शेजारी चिखलोलीला बिल्डर जमिनी शोधत फिरायला लागले, तशी कुळगावात माझ्या सासरच्या भावकीत जमिनीवरून जुंपली. माझ्या मोठ्या जावेची पेंढ्याची रचलेली उडवी कोणीतरी पेटवली. कोणी, ते तिने पाहिलं होतं, पण गप्प होती. मी शहाणी गेले अंबरनाथहून रिक्षा करून. "ताई, देवळात सांगून टाका, आमच्याकडे असंच मिटतं."

ती म्हणाली, "तुमच्याकडं मिटल्यावर बसतात गं. आमचं मिटलंय कुठं?"

मी हसून सोडून दिलं. तिने माझ्या भरवशावर देवळात पेटवणाऱ्याचं नाव घेतलं. चुलतदिराने मान खाली घातली, गूळ-खोबरं खाल्लं. मला केवढा गर्व! संध्याकाळी मी अंबरनाथ पश्चिमेला, माझ्या फ्लॅटात, कडी लावून. तिला मात्र रोज त्याच्याच अंगणातून जायचं. आठ दिवसांत वाटेवर काटे पडले, विहिरीच्या मोटरची वायर कापली. विचारायला गेलो तर भावकी म्हणते, "आता तर मिटलं की!" शेवटी ती घर सोडून उल्हासनगरला लेकीकडे गेली, एका खोलीत.

म्हणून तुमच्या कागदात मी एकच शोधत होते: बोलून झाल्यावर ही बाई घरी कुठल्या वाटेने जाणार, शेजारी कोण राहतं? नाहीच. 'क्षमा करायची तयारी आहे का', हा प्रश्न मात्र तिसऱ्याच नंबरला. कोणी घातला गं तो? ज्याचं काही जळलं नाही त्यानेच, मला तरी तसंच वाटतं. आफ्रिकेचं खोटं म्हणत नाही मी. पण तिथे गोऱ्यांचं राज्य जाऊन दुसरं येत होतं, तूच सांगितलंस. ते कागदावर का नाही? तुझ्याकडे परतीचं तिकीट आहे बाळा. माझ्याकडे रिक्षा होती.

तुला जाऊ नको म्हणत नाही. फक्त हा कागद आधी माझ्या त्याच जाऊबाईंना दाखव. मी मध्ये बोलणार नाही, शप्पथ. त्या खोडतील ते खोडायचं. येत्या आठवड्यातच ये, सकाळी ये, आपण दोघी उल्हासनगरला जाऊ त्यांच्याकडे. वाट बघतेय हं.