‘पाती’ची खूण
यवतमाळात अनघा देशकरला सगळे ‘डीटीपीवाल्या ताई’ म्हणत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतलं, वडील कोर्टात नाझर. अनघाने मात्र हट्टाने अमरावतीला कमर्शियल आर्ट शिकून पुण्यात नोकरी धरली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा ती परत आली, आणि घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर मांडून लग्नपत्रिका करू लागली.

पुढे कापसाचे वाईट दिवस आले आणि तिच्याकडचं कामही पालटलं. बाहेरच्या संस्था जिल्ह्यात आल्या, त्यांचे अहवाल तिच्याकडे येऊ लागले. मुखपृष्ठावर कायम फुटलेलं बोंड आणि शेजारी रडणारी बाई. एकदा एक गृहस्थ तिच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, “ताई, चेहरा जरा मोठा घ्या. डोळ्यांतलं पाणी दिसलं पाहिजे.” अनघाने चेहरा मोठा केला. त्या दिवशी ती जेवली नाही. चित्रकला शिकून आपण हे करतोय, हे तिला आतून खात होतं.

२००८ साली पोळा झाल्यावर बोरी अरब या गावाहून कोकिळाबाई ठाकरे आल्या. हातात भलीमोठी पिशवी. त्यांनी टेबलावर सुती कुर्ते, झबली, परकर-पोलकी मांडली. रंग असे की खोली उजळली. गावातल्या सहा बायांना जमवून त्यांनी शिवणकाम सुरू केलं होतं. नाव ठरलं होतं ‘पाती’. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, कळीला त्यांच्याकडे पाती म्हणतात. आता लोगो हवा होता, कपड्यांना लावायची चिठ्ठी, पिशवी, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड, सगळं एका मेळाचं.

अनघाने सवयीने बोंड काढलं. कोकिळाबाईंनी कागद बाजूला सारला.

“बोंड नको ताई. मी नागपूरले प्रदर्शनात गेलती. लोकं यवतमाळ नाव वाचत, ‘अरेरे’ म्हणत अन् न पाहताच कुर्ता घेत. घरी जाऊन तो कोण घालते? मले कीव नको, गिऱ्हाईक पाह्यजे.”

“मग काय काढू?”

“ते तुमी सांगा. तुमी शिकल्या हा त्यातलं.”

किती वर्षांनी कोणीतरी तिला असं विचारलं होतं! अनघाने आईजवळ शेजारणीला बसवलं आणि बोरी अरबची एस.टी. धरली. दिवसभर ती शिवणाऱ्या बायांत बसली. दुपारी कोकिळाबाईंच्या यजमानांना, वामनरावांना, जेवायला हाक मारायला त्यांच्यासोबत वावरात गेली, तर एकाच झाडावर एक फूल फिकट पिवळं आणि एक गुलाबी.

“ही दोन जातींची फुलं आहेत का?” तिने वामनरावांना विचारलं.

“नाई जी. पिवळं आजचं, गुलाबी कालचं. फुललं की दुसऱ्या दिवशी रंग बदलते.”

ती लहानाची मोठी यवतमाळात झाली, पण हे तिने कधी पाहिलं नव्हतं. बांधावरच बसून तिने कागदावर फूल काढलं: अर्ध्या पाकळ्या पिवळ्या, अर्ध्या गुलाबी, खाली ‘पाती’ ही दोन अक्षरं, जाड आणि गोल. कोकिळाबाईंनी कागद हातात घेतला. मग म्हणाल्या, “याच्यात कोणी रडून नाई राह्यलं.”

छपाईत पहिल्यांदा गुलाबी विटकरी निघाला. अनघा प्रेसमध्ये ठाण मांडून बसली आणि मनासारखा रंग येईपर्यंत उठली नाही. कार्डांवर तिने आपल्या मनाने एक गोष्ट केली. एकट्या कोकिळाबाईंचं नाव न घालता सातही जणींची वेगवेगळी कार्डं छापली.

कार्डांचे गठ्ठे घेऊन ती बोरी अरबला गेली तेव्हा तांड्यावरच्या सुखीबाई राठोड मशीनवर होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. “हे काय लिवलं?” त्यांनी विचारलं.

“सुखीबाई सेवादास राठोड. शिवणकाम आणि भरतकाम.”

“माह्या नावाचं?” त्यांनी बोटाने अक्षरं चाचपली. मग गठ्ठ्यातून एक कार्ड काढून साहेबासारखं अनघापुढे धरलं. “घ्या. काम पडलं त सांगजा.”

सगळ्या हसल्या. अनघाने कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, आणि एवढ्या हसण्यात तिला हुंदका आवरेना.

“काहून रडता ताई?” कोकिळाबाई घाबरल्या.

“काही नाही. बरं वाटलं म्हणून.”

दिवाळीआधी नागपूरच्या प्रदर्शनातून कोकिळाबाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “ताई, आज एक बाई माह्यासंगं भांडली! म्हणे बटन ढिलं आहे, बाही आखूड आहे. दुसरा कुर्ता घेतला तवाच हलली!”

‘पाती’ फार मोठी झाली नाही. दारव्ह्याला एक दुकान झालं, पुढे यवतमाळात दुसरं. पण तिची खूण पाहून कोणी मसाल्याचा लोगो मागायला आलं, कोणी शाळेचा, आणि अनघाने रडक्या मुखपृष्ठांना नाही म्हणायला सुरुवात केली. कोकिळाबाई भेटल्या की म्हणत, “तुमच्यानं आमचं नाव झालं.” अनघाला ते ऐकवत नसे. उलट बोरी अरबहून आपणच आपली चित्रकला परत घेऊन आलो, हे त्यांना कसं सांगावं, हेच तिला उमगत नसे. मग ती दर दिवाळीला आईसाठी त्यांच्याकडूनच मऊ सुती झंपर शिवून घेई, आणि आई त्यावरून हात फिरवत दिवसभर तो मिरवी.