शून्य मिलिमीटर पाऊस

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात आमच्या घरासमोर दोन वर्षं एक लोखंडी खांब नुसताच उभा होता, आणि त्याला नारळ फोडून झाला होता.

चूक माझीच. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे काहीतरी करून दाखवावं असं मला वाटायचं. (वाटलं तिथंच थांबायला हवं होतं.) घरी बसवायचं हवामान यंत्र मोबाईलवर दिसलं. लोकांनी आधी पैसे भरायचे, त्यातून कंपनी यंत्र बनवणार, मग घरपोच पाठवणार. मी शिष्यवृत्तीतून भरले.

"म्हंजे गणपतीची वर्गणी देऊन झाली, अन मूर्ती अजून मातीतच हाये?" बाबांनी विचारलं.

"तसंच, पण ऑनलाइन," मी म्हणालो.

तरी बाबांनी त्याच आठवड्यात सिमेंट कालवून खांब उभा केला. यंत्र आल्यावर धावपळ नको!

यंत्र काही आलं नाही. ईमेल मात्र वेळेवर यायचे. आधी साचा फुटला. मग कुठलासा सुटा भाग मिळेना. मग यंत्रं तयार झाली, तर खोके छापायचे राहिले! तोवर खांबाला आईनं दोरी बांधून कपडे वाळत घातले, आणि वालाचा वेल शेंड्यापर्यंत गेला. शेजारचे सलीमचाचा, हळदीचे व्यापारी, रोज कुंपणावरून विचारायचे, "काय सायंटिस्ट, आज वालाचा अंदाज काय?"

सगळ्यात वाईट ईमेल शेवटी आला. 'आमच्या शहरात अनपेक्षित पाऊस झाल्याने गोदामात पाणी शिरले. क्षमस्व.' मी तो घरात वाचून दाखवला.

आईनं लाटणं थांबवलं. "काहून रे, त्यांच्याजवळ असलं यंत्र न्हाई का?"

 

आणि मग या उन्हाळ्यात ते आलं! कुरियर सेनगावपर्यंतच येतं, तिथून जीपमध्ये मी खोकं मांडीवर घेऊन आलो. त्या दिवशी वर्षभराची सगळी हळद शिजवून अंगणात वाळत घातली होती. भिजली असती तर रंग गेला असता, म्हणून बाबा ताडपत्री हाताशी घेऊनच बसले होते. मी वेल सोडवला, यंत्र खांबावर चढवलं, त्याचा आकडे दाखवणारा पडदा घरात भिंतीला लावला.

तासाभरात आभाळ काळं झालं. दोन वर्षं वाट पाहिलेलं यंत्र पहिल्याच दिवशी भिजणार! बाबा वैरण टाकायला गोठ्यात गेले होते. मी ताडपत्री उचलली, स्टुलावर चढलो, यंत्राला चांगली गुंडाळली, सुतळीनं तीन गाठी मारल्या आणि घरात पडद्यासमोर जाऊन बसलो.

"ताडपत्री कुठं गेली रं?" बाबा गोठ्यातून ओरडले.

"लागत न्हाई, बाबा! यंत्र म्हणून राहिलं, पाऊस शून्य!"

"मंग पत्र्यावर काय वाजून राहिलं?"

मी पुन्हा पडदा पाहिला. शून्य. "वारा असंल!"

बाबांनी मान डोलावली आणि वैरण टाकत राहिले. शिकलेल्या पोरावर माणूस विश्वास ठेवतो हो!

कुंपणावरून सलीमचाचा किंचाळले, "अरे, हळद पोहून राहिली! यंत्राला काहून रेनकोट घातला?"

मग आई, बाबा, चाचा आणि मी टोपल्यांनी, घमेल्यांनी, शेवटी आईच्या लुगड्यानं हळद ओसरीत ओढली. निम्मी वाचली. बाकीची पुन्हा वाळवायला आठवडा गेला. आमचे हात मात्र लग्नाची हळद लागल्यासारखे पिवळे झाले. चाचांनी मुहूर्तही विचारून घेतला.

त्या संध्याकाळी बाबा ओसरीत बसून खांबाकडे पाहत होते. "दोन वर्षं उशीर केला त्यांनी," ते म्हणाले. "अजून एक दिवस केला असता तर काय बिघडलं असतं?"

दुसऱ्या दिवशी कंपनीचा ईमेल आला. यंत्रात काही दोष आढळल्यास कळवा. मी खूप विचार करून प्रामाणिकपणे लिहिलं : 'यंत्र एकदम बरोबर आहे. ताडपत्रीखाली खरंच पाऊस नव्हता. दोष ती बांधणाऱ्यात आहे, पण बांधणारा बदलून मिळत नाही का, असं बाबा विचारत आहेत.'