निळी टोपी

माझा धाकटा भाऊ फौजेत कॅप्टन होता. परदेशात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत गेला आणि तिथेच गोळी लागून मेला. मी साधं 'मेला' असंच लिहिते. मोठमोठे शब्द चौकातल्या फ्लेक्सवर भरपूर होते. त्याचा देह घरी यायच्या आधी फ्लेक्स लागला होता.

मी तो पाहिला तेव्हा आधी मला कळेना की काय चुकलंय. फोटो आमच्याच घरून नेलेला, त्याने मोबाइलवर पाठवलेला, तेच हसणं. बाजूला हात जोडलेले पाच पुढारी, त्यातल्या एकालाही माझा भाऊ कधी भेटला नव्हता. हातात बंदूक, जी मूळ फोटोत नव्हती. खाली 'शत्रूचा कर्दनकाळ'. आणि मग टोपीकडे लक्ष गेलं. टोपी हिरवी होती. माझ्या भावाची टोपी निळी होती.

शांतिसेनेतल्या सगळ्यांची टोपी निळीच असते. तो फोटो पहिल्यांदा आला तेव्हा आईने तो सगळ्या गल्लीला दाखवला होता. समोरच्या काकू चष्मा वर करून म्हणाल्या, "काहून वं, कोणत्या पार्टीत गेला पोट्टा?" व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. त्यांचंही काय चुकलं म्हणा. आमच्या नागपुरात रंग दिसला की आधी बाजू विचारतात. मोर्चा दुरून येताना दिसला तरी झेंडे पाहून लोक ठरवतात, थांबायचं की सटकायचं.

"काकूले सांग, हीच एक टोपी आहे जिची कोणतीच पार्टी नाही," तो म्हणाला. "तिकडे दोन टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठल्या आहेत. आम्ही मधात उभे राहतो, बस."

आई मागून पुटपुटली, "मधात उभा राह्यते त्यालेच आधी लागते, बाप्पा."

"तू काहून घाबरून राहिली वं, आई? टोपीचा रंग दुरून दिसावा म्हणूनच असा आहे. हिच्याकडे पाहून कोणी बंदूक उचलत नाही."

आईने ते धरून ठेवलं. उमरेडहून मावशीचा फोन आला की तिलाही तेच सांगायची. तिकडे निळ्या टोपीला कोणी हात लावत नाही म्हणे.

तो गेला त्या सकाळी छावणीजवळच्या बायका जंगलात लाकडं आणायला निघाल्या होत्या. त्यांच्या सोबतीला तो चार जवान घेऊन गेला. झाडीतून गोळ्या आल्या. कोणत्या टोळीच्या, ते आजवर कोणी सांगितलेलं नाही. बायका वाचल्या. एवढंच घडलं, आणि माझ्या मते ते पुरेसं मोठं आहे. त्यात कर्दनकाळ घुसवायची गरज नाही.

पण लोकांना शत्रू पाहिजे होता. टीव्हीवाली मुलगी बाबांच्या तोंडापुढे माइक धरून म्हणाली, "शत्रूला काय संदेश द्याल?" बाबा जन्मभर सरकारी कार्यालयात कारकून होते, प्रश्न नीट ऐकून उत्तर द्यायची त्यांना सवय. त्यांनी विचारलं, "कोणता शत्रू?" मुलगी गोंधळली. संध्याकाळच्या बातमीत बाबा फक्त डोळे पुसताना दिसले.

त्या रागातच मी स्कूटी काढून फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानदार बिचारा नम्र होता, उभा राहिला, पाणी दिलं.

"टोपी कोणी बदलली?"

"मीच केली, ताई. निळी चालली नसती. लोक विचारतात न, कोणत्या मोर्चातला आहे म्हणून."

"आणि असता एखाद्या मोर्चातला, तर काय बिघडत होतं?"

"बिघडत काही नाही. पण भाऊ म्हणाले, फौजी दिसला पाहिजे."

भाऊ म्हणजे आमचे माजी नगरसेवक. त्यांच्याकडे गेले. ते सोफ्यावरून न उठता म्हणाले, "ताई, आपल्याले त्याचा सन्मानच करायचा आहे न." मी म्हटलं, सन्मान करायचा असेल तर ज्या टोपीत तो मेला ती त्याच्या डोक्यावर ठेवा. तो कोणाच्या बाजूने उभा नव्हता, म्हणून मेला. तुम्ही त्याला मेल्यावर बाजू दिली. माझा आवाज इतका चढला की आतून त्यांची बायको बाहेर आली. शेवटी ते म्हणाले, बदलून देतो. माझं म्हणणं त्यांना पटलं असेल असं मला वाटत नाही. अंत्यसंस्काराला फौजेचे मोठे अधिकारी येणार होते, त्यांच्यासमोर तमाशा नको होता.

पण निळ्या टोपीचा फ्लेक्स लागायला तेरावं उजाडलं. अंत्ययात्रा हिरव्या टोपीखालूनच गेली. आईने गाडीतून मान वर करून त्या फ्लेक्सकडे पाहिलं होतं. नव्या फ्लेक्समध्ये बंदूक नव्हती, कर्दनकाळ नव्हता, पुढारी मात्र पाचच्या पाच होते. मी खाली उभी राहून तो नीट पाहिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आई अंत्ययात्रेनंतर पहिल्यांदा घराबाहेर पडली, चौकातल्या डेअरीत दूध आणायला. ती रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहिली.

"टोपी तू बदलायला लावली?"

"हो," मी म्हणाले. शाबासकीच मिळणार, अशा आवाजात.

"हिरवी होती तवा मले वाटत होतं, लढाईत गेला. लढाईत माणूस मरते." तिने पिशवीची घडी घातली. "निळीले कोणी मारत नाही म्हणे. मंग काहून मारलं वं त्याले?"

दुकानदारावर, नगरसेवकावर, त्या टीव्हीवालीवरही मला रागावता आलं होतं. माझा राग तिथेच स्वयंपाकघरात उभा राहिला आणि त्याला जायला जागा नव्हती. अजूनही नाही. ज्यांनी झाडीतून ती टोपी पाहिली, निळी आहे हे पाहिलं, आणि तरी घोडा दाबला, त्यांची नावं मला माहीत नाहीत. त्यांच्या घरी स्कूटीवर जाता येत नाही.

फ्लेक्स अजून तिथेच आहे, उन्हाने थोडा विटलाय. आई आता मागच्या गल्लीतून दूध आणते. लांब पडतं.