बहिऱ्या मांजरीला आलेली हाक

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना हसू दाबणाऱ्यांतली मी नाही, तोंडावर हसणाऱ्यांतली आहे. सदाशिव पेठेत अकरावी-बारावीच्या मुलांना अकाउंट्स शिकवते. पुराव्याशिवाय मला काही पटत नाही. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेल्या. बाबा शाळेत पी.टी.चे सर होते. शिट्टी न वापरता अख्खं मैदान गप्प करायचे. तो माणूस खाटेवर पडून नुसते ओठ हलवायचा, आणि आम्हाला काही कळलं नाही की डोळे मिटून घ्यायचा. बघवायचं नाही. घरात काहीतरी जिवंत हालचाल हवी, म्हणून मी लोणी काळभोरच्या पुढे मांजरांच्या एका शेल्टरमध्ये गेले.

तिथली मुलगी एकेक मांजर दाखवत होती. कोपऱ्यात एक मोठी पांढरी मांजर त्या सगळ्या गोंगाटात गाढ झोपली होती.

"ती नको काकू, ती डेफ आहे. हाक मारली तरी येणार नाही."

"आमच्याकडे हाक मारणारं कोणी नाहीच," मी म्हटलं. "जोडी जमेल."

मुलगी घर बघून गेली, खिडक्यांना जाळ्या लावायला लावल्या, मगच मांजर दिली. जनावरांच्या डॉक्टरांनीही तपासून सांगितलं — जन्मापासून बहिरी. कुकरची शिट्टी झाली तरी तिचा कान हलायचा नाही.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. पायाशी झोपलेली मांजर एकदम उठली आणि बाबांच्या खोलीत पळाली. मागोमाग गेले, तर बाबांचे ओठ हलत होते... आणि ती उशीशी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

योगायोग, मी म्हटलं. पण हे रोजचंच झालं. मध्ये भिंत, दार लोटलेलं. अधूनमधून येणाऱ्या दादाचं म्हणणं, जमिनीची कंपनं कळत असतील. मी मुद्दाम तिच्याजवळ परात आपटली. बाईसाहेब ढिम्म. आणि तिकडे बाबांनी ओठ हलवले की ही उठलीच. बाबा अर्ध्या तोंडाने हसायला लागले. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटायचा. पोटची मुलगी मी, आणि त्यांचं बोलणं पोचतं मांजरीला.

थंडीत बाबांना न्यूमोनिया झाला, आयसीयूत ठेवावं लागलं. दादा तिथे थांबला आणि मी मांजरीला खायला घालायला घरी आले. खाता खाता ती थांबली. वाटी सोडून बाबांच्या खोलीत गेली आणि रिकाम्या खाटेवर चढून उशीकडे बघत ओरडायला लागली. बहिऱ्या मांजरींचा आवाज फार मोठा असतो, त्यांना तो स्वतःला ऐकू येत नाही ना. मी दादाला फोन लावला.

"आत्ताच आत जाऊन आलो," तो म्हणाला. "काहीतरी म्हणत होते गं. सारखे ओठ हलवत होते. मला नाही कळलं."

मी रिक्षा करून पोचेपर्यंत बाबा गेले होते.

खाट आम्ही देऊन टाकली. मांजर अजून उठते... भर दुपारी, गाढ झोपेतून. खाट होती त्या जागी जाऊन बसते, मान वर करून, जिथे बाबांचं तोंड असायचं तिथे बघते. मग माझ्याकडे येते, माझ्याकडे बघून ओरडते, परत तिथे जाते. मी तिथे खुर्ची टाकून बसते. "बाबा, मी आहे, बोला," म्हणते. मला पंख्याची घरघर तेवढी ऐकू येते. रडू येतं, ते वेगळंच.

दादा म्हणतो, सवय. मांजरीचे डॉक्टर म्हणतात, मांजरंही दुःख करतात. करत असतील. मला ते पटत नाही, आणि दुसरं कारणही सापडत नाही.

आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आहे. वरचे, खालचे, सगळे घरं रिकामी करून गेले. आम्ही दोघीच उरलोय. बिल्डरचा माणूस रोज येतो, अदबीने विचारतो, "मॅडम, अडचण काय आहे, सांगा तरी."

त्याला कसं सांगू, की आमच्या बाबांचं अजून बोलून व्हायचंय?