भाकरी थापताना शिकलेलं इंग्रजी

माझी सून नर्स आहे आणि तिचं इंग्रजी माझ्या शेगडीपाशी तयार झालंय. कुणी हसलं तर हसू दे.

आमचा धंदा कडक भाकरीचा. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची, कुरकुरीत होईस्तोवर वाळवायची आणि दुकानांना द्यायची. सून नर्सिंग शिकलेली, पण सोलापुरातल्या मोठ्या दवाखान्यात मुलाखत इंग्रजीत. हायवेवरून जाणारे परराज्यातले पेशंटही तिथं येतात ना. पहिल्या मुलाखतीत तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. घरी आली ती थेट परातीपुढं बसली आणि म्हणाली, आता हेच करते. माझं डोकंच फिरलं.

"भाकरी थापायला मी हाय की. तू नर्स हायस, नर्सच व्हायचं."

पुस्तकातली वाक्यं तिला पाठ होती, समोर माणूस आलं की सगळं जायचं. आता, कामाला आलेल्या नव्या बाईला भाकरी शिकवताना मी तिला गप्प बसू देत नाही. हात जे करतोय ते तोंडानं सांगायचं, म्हणजे भीती मोडते. तेच सुनेला लावलं. गोळा उचलला की ‘आय पिक इट अप’. भाकरी उलटली की ‘आय टर्न इट ओव्हर’. आच कमी केली की ‘आय टर्न डाउन द गॅस’. वाळलेल्या भाकऱ्या रचल्या की ‘आय पाइल देम अप’. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती अडखळली की कळायचं, आणि मी गोळा मोडून पुन्हा थापायला लावायचे. रडली एकदा. मी काही ऐकलं नाही.

पुढच्या मुलाखतीत साहेबांनी प्रश्न विचारला आणि ती पुन्हा गोठली. टेबलावर तिचे हात मात्र आपसूक थापायला लागले. साहेब म्हणाले, हे काय चाललंय? तिनं इंग्रजीतच सांगितलं, भाकरी थापतेय, आणि गोळा उचलण्यापासून रचण्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. मग मूळ प्रश्नाचं उत्तरही दिलं. इंग्रजी कुणी शिकवलं, असं साहेबांनी विचारल्यावर ‘सासूनं’ म्हणाली. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा ऊर भरून आला माझा, खोटं कशाला बोलू.

नोकरी लागली. एकदा डबा घरी विसरली म्हणून मी दवाखान्यात गेले. वॉर्डाच्या दारात केरळची एक बाई रडत होती. प्रवासात नवऱ्याच्या छातीत दुखलं, त्याला नुकतंच आत नेलं होतं. सुनेनं तिचा हात धरला.

"आय विल लुक आफ्टर हिम."

बाई रडायची थांबली आणि बाकावर बसली. काय सांगितलंस, मी सुनेला हळूच विचारलं.

"त्यांला मी सांभाळते म्हणलं, आत्याबाई."

हे वाक्य आमच्या तव्यापाशी कधी आलं नव्हतं. ते तिचं तिनं मिळवलं होतं. त्या बाईनं ज्या भरवशानं तिच्याकडं पाहिलं, तसं आजवर माझ्याकडं कुणी पाहिलेलं नाही. मला हेवा वाटला नाही. माझी सून आहे ती.