वाळूची टाकी आणि सुतळीच्या गाठी

परवा बारामतीत नातीच्या नव्या घरी गेले होते. मागच्या अंगणात पोहायचा हौद, आणि एक माणूस नळी लावून त्याचा तळ साफ करत होता... मी खुर्ची ओढून तासभर तिथंच बसले. हे काम मी केलंय, हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

सत्तावन्न-अठ्ठावन्न साल असेल. इंदापूरच्या वाटेवर, कालव्याच्या कडेला एका इंजिनिअर साहेबांचा बंगला होता. आमचे हे तिथला हौद सांभाळायचे आणि आम्ही मागच्या खोलीत राहायचो. मुलगी दीड वर्षाची असताना हे टायफॉइडनं गेले.

महिन्याभरानं बाईसाहेब म्हणाल्या, हौदासाठी नवा माणूस ठेवावा लागेल, त्याला ती खोली द्यावी लागेल. अंथुर्ण्याला दिरांच्या दारात जाऊन राहायचं माझ्या जिवावर आलं होतं. मी म्हटलं, हौदाचं मी करते. बाई म्हणाल्या, रविवारी पाहुणे आहेत, तोवर तळ स्वच्छ दिसला तर बघू.

हौदात कालव्याचं पाणी, तळाला बोटभर गाळ. तो ओढायला बांबूच्या टोकाला चपटं पितळी तोंड आणि त्याला रबरी नळी होती. पंप लावला की गाळाचं पाणी वाळूनं भरलेल्या लोखंडी टाकीत जायचं आणि गाळून परत हौदात यायचं. टाकीजवळ नळांवर पाणी सोडायच्या-बंद करायच्या तीन चाव्या होत्या. प्रत्येकीवर इंग्रजी अक्षरांची पत्र्याची पट्टी, आणि ह्यांनी बांधलेला सुतळीचा तुकडा.

ह्यांना अक्षर येत नव्हतं. मी वाण्याच्या पुड्यांचे कागद आणि साखरेच्या पोत्यांवरची इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचायला शिकले होते, आणि त्याचा मला ताठा होता. एकदा जेवताना ह्यांनी टाकीचं काहीतरी सांगायला घेतलं. मी म्हटलं, "तुमाला पट्टी तरी वाचता येती का?"

ते हसले. टाकीचं सांगणं तिथंच राहिलं...

शुक्रवारी मी पंप लावला. नळीत आधी पाणी भरून हवा काढायची, एवढं बघून माहीत होतं. पट्टी वाचली, 'फिल्टर'. म्हणजे गाळणं. तीच चावी उघडली.

पाव तासात टाकीवरचा दाबाचा काटा चढला आणि हौदात परत येणारं पाणी चहासारखं दिसायला लागलं. कालव्याचा गाळ पिठासारखा बारीक. थोडा वाळूत अडकला, बाकीचा वाळूतून निसटून पुन्हा हौदात. दुपारपर्यंत तळ तर सोडाच, दुसरी पायरीही दिसेना.

बागेचं काम करणारे तात्या काठावर येऊन उभे राहिले. "सखे, हौदात गुऱ्हाळ घातलंस व्हय गं?" मला रडूही येईना.

पंप बंद करून टाकीजवळ बसले. चिखल पुसताना सुतळ्या हाताला लागल्या. इतके दिवस मला वाटायचं, चावी निसटू नये म्हणून बांधल्यात. एकीला एक गाठ होती, दुसरीला दोन, तिसरीला तीन. मी उघडलेली तीन गाठींची. हा क्रम तर नसेल?

एक गाठ होती 'वेस्ट'वर. तो शब्द मला पक्का माहीत होता. बाईसाहेब स्वयंपाकघरात सारख्या म्हणायच्या, साखर वेस्ट करू नका. माझं माहेर वरकुटे, उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणलेली मी. भरल्या हौदाचं पाणी वाया सोडायला माझा हात होईना... मी तात्यांना विचारलं.

"मग? पैलं पाणी भायेरच जायाचं," तात्या म्हणाले. "माझी वांगी त्येच्यावरच हायेत की. गाळ वाळूला दावायचाच न्हाय, तुजा नवरा समद्यास्नी सांगायचा. तुला न्हाय सांगितलं?"

"सांगितलं व्हतं," मी म्हटलं. "मीच इसरले."

गाळ बसू दिला. शनिवारी गाठींप्रमाणे गेले. आधी तळाचा गाळ बाहेर, मग दोन गाठींच्या चावीनं उलटं पाणी सोडून वाळू धुतली, मग गाळणं. हौद हातभर खाली गेला म्हणून बाईसाहेब आधी रागावल्या. मग तळाच्या फरश्या बघून विहिरीचं पाणी भरायला सांगितलं आणि म्हणाल्या, खोली राहू दे तुझ्याकडं.

त्या खोलीत मी पुढं नऊ वर्षं काढली. मुलगी तिथूनच शाळेला गेली. त्या हौदानं आम्हाला जगवलं, हे मी विसरले नाही.

पण तात्यांना मी खोटं सांगितलं होतं. ह्यांनी मला काही सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायला बसले तेव्हा मी त्यांना सांगू दिलं नाही...