बंद न होणाऱ्या दहा मशीन

उस्मानपुऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. तिथल्या दहा मशीनमध्ये डिस्कच नाही. सगळ्यांची मिळून एकच डिस्क, कोपऱ्यातल्या सर्व्हरमध्ये; तिच्यावरूनच त्या नेटवर्कनं चालतात. मध्यंतरी त्या बंदच होईनात. सकाळी यावं तर दहाही पडदे चालू, मशीन घरघरतायत. मी दिवसा बंद करून पाहिल्या की मात्र शहाण्यासारख्या बंद व्हायच्या! आठ दिवस मी केबली बदलल्या, सेटिंगं बदलली आणि दिसेल त्याच्यावर खेकसलो.

शेवटी एका संध्याकाळी घरी न जाता तिथंच ठाण मांडून बसलो. क्लास आवरायचं काम कन्नड तालुक्यातल्या मावशींचं. त्यांनी सर्व्हरला उदबत्ती ओवाळली, हात जोडले आणि आधी त्यालाच बंद केलं. मग दहा मशीनला शटडाऊन दिलं. आता सर्व्हरबरोबर डिस्कच गायब झाल्यावर त्या बिचाऱ्या बंद तरी कशा होणार?

"मावशी, याला आधी का बंद करता?" मी ओरडलोच.

"दिसभर दहाजणांचं वझं एकटा वढतोय. मोठ्याला आधी आराम नको व्हय?" मावशी शांतपणे म्हणाल्या. "तुमी बी रोज समद्यांच्या आधी घरी जाताच की."